साठा किती यापेक्षा हातात किती उरतं ते बघा
बॉम्बे हायमध्ये (मुंबईजवळच्या समुद्रातलं तेलक्षेत्र) अजून तेल आहे मग काळजी कसली, असं वर एकांनी लिहिलंय, पण साठा किती हा प्रश्नच अर्धवट आहे हो, ते तेल वर काढायला किती ऊर्जा घातली ते वजा करायला नको का? ह्याचंच माप म्हणजे ईआरओआय (एनर्जी रिटर्न ऑन इन्व्हेस्टमेंट), मिळालेली ऊर्जा भागिले घातलेली. हे माप रूढ करणारे चार्ल्स हॉल मुळात माशांच्या स्थलांतराचा अभ्यास करायचे, म्हणून आपल्या किनाऱ्यावरचंच उदाहरण घेतो. मालवणच्या रापणीत (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) माणसं दोर ओढतात, ट्रॉलरला मात्र डिझेल लागतं. एक लिटर डिझेल म्हणजे साधारण ८,५०० ते ९,००० किलोकॅलरी आणि किलोभर बांगड्याच्या मांसात १,५०० ते २,००० च्या आसपास, म्हणजे लिटरमागे पाचेक किलो मांस मिळालं तरी जेमतेम बरोबरी, त्यात जाळी, इंजिन, बर्फ धरलंच नाही (मासळी आपण प्रोटीनसाठी खातो, त्यामुळे तिथे तोटा चालतो, इंधनात कसा चालेल?).

तेलाचं ईआरओआय ५० ला १ (म्हणजे एक घातली की पन्नास मिळते) वरून १० ला १ वर घसरलं तरी निव्वळ ऊर्जा, म्हणजे घातलेली वजा जाऊन हातात उरणारी, ९८ टक्क्यांवरून ९० वर येते, कुणाला जाणवत पण नाही. पण ५ ला १ झालं की ८० आणि २ ला १ झालं की थेट ५०! शिवाय मोजणी विहिरीच्या तोंडाशी केली की आकडा छान दिसतो, रिफायनरी आणि रत्नागिरीच्या पंपापर्यंतचा टँकर धरला की उतरतो, त्यामुळे कुणी आकडा टाकला तर कुठपर्यंतचा तेही लिहा प्लीज.