वाचनालयाच्या साइटसाठी सोपी सीएमएस कोणती: वर्डप्रेस, जूमला, ड्रुपल की विक्स?

ग्रंथसेवक

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावातलं 'ब' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे, त्याची साइट करायची आहे, त्यासाठी सीएमएस (कोड न लिहिता साइटचा मजकूर सांभाळायचं सॉफ्टवेअर) निवडायची आहे. सूचना (नवी पुस्तकं, व्याख्यानमाला, वार्षिक सभा), कार्यक्रमांचे फोटो, वार्षिक अहवालाच्या पीडीएफ, वेळ-वर्गणी-पत्ता आणि दोन-तीन पानं इंग्रजीत, एवढं हवं. रोजचं काम ग्रंथपाल आणि एक लिपिक बघणार. दोघांना मराठी टायपिंग येतं, एचटीएमएल येत नाही. जुन्या सूचना श्रीलिपीत (युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये) आहेत. पुस्तकांची यादीही साइटवर शोधता यावी अशी कार्यकारिणीची इच्छा आहे. एका डेव्हलपरने ड्रुपल सुचवलंय, दुसऱ्याने विक्स. काय घ्यावं, आणि कुठे अडकायला होतं?

सर्व्हरकाका

वर्डप्रेस घ्या. लिपिकाला रोज ज्या पडद्यासमोर बसायचंय तो त्यात सगळ्यात सुटसुटीत आहे: शीर्षक, मजकूर, फोटो, प्रकाशित करा. फक्त दोन वर्डप्रेसांची गल्लत करू नका. डॉट कॉमवाल्यात तुम्ही त्यांच्या जागेत भाड्याने राहता. डॉट ऑर्गवरून तेच सॉफ्टवेअर फुकट घेऊन आपल्या होस्टिंगवर (साइट ठेवायला घेतलेल्या सर्व्हरच्या जागेवर) बसवता येतं. तुम्हाला दुसरं हवं.

ड्रुपल भक्कम आहे, पण ते मोठ्या विद्यापीठाला शोभतं. त्याला कायम जाणकार माणूस लागतो. ड्रुपल ७ चा आधार ५ जानेवारी २०२५ ला संपला, आणि ज्यांच्या साइट त्यावर होत्या त्यांना पुढच्या आवृत्तीवर जाताना जवळजवळ नव्याने बांधणी करावी लागली. विक्समध्ये पान झटपट तयार होतं, हे खरं. पण ती साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही. उद्या वर्गणी परवडली नाही तर सगळं पुन्हा हाताने मांडायचं.

बसवण्याआधी डोमेन (साइटचं नाव-पत्ता) संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्या ईमेलवर घ्या, डेव्हलपरच्या नव्हे. माणूस बदलला की पहिला तंटा इथेच होतो. होस्टिंगवाल्याला पहिल्या वर्षाचा दर विचारू नका, नूतनीकरणाचा विचारा. पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत चालतं ती) ८ च्या मालिकेतली असावी. साइट सुरक्षित दाखवणारं लेट्स एन्क्रिप्टचं मोफत प्रमाणपत्र फार तर ९० दिवसांचं असतं, ते आपोआप नवं होतं का तेही विचारून घ्या.

पहिल्या दिवशी सेटिंग्जमध्ये टाइमझोन कोलकाता करा. बहुतेक जण हे विसरतात. मुळात तिथे यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असतं, त्यामुळे सकाळी नऊला लावून ठेवलेली सूचना दुपारी अडीचला झळकते आणि 'साइट बिघडली' असा फोन येतो. साइटची भाषा मराठी ठेवा. आतला मेन्यू मात्र ज्याने त्याने आपल्या प्रोफाइलमध्ये मराठी किंवा इंग्रजी निवडावा.

थीम (साइटचं रूप) वर्डप्रेससोबत येते तीच, ट्वेंटी ट्वेंटी-फाइव्हसारखी. पेज बिल्डर (पानाची मांडणी ओढून-सोडून करणारं प्लगइन) टाळा, हे आग्रहाने सांगतो. डब्ल्यूपीबेकरीसारखं एखादं बंद केलं की पानभर चौकटी कंसांतले शॉर्टकोड उरतात आणि मजकूर त्यातून वेचून काढावा लागतो. प्लगइन (वरून जोडायची सॉफ्टवेअरं) चार पुरे: बॅकअपसाठी अपड्राफ्टप्लस (बॅकअप गूगल ड्राइव्हवर जाऊ द्या, त्याच सर्व्हरवर ठेवलेला बॅकअप सर्व्हरबरोबरच बुडतो), इंग्रजी पानांसाठी पॉलीलँग, संपर्काचा एक फॉर्म, आणि त्या फॉर्मचे ईमेल स्पॅममध्ये जाऊ नयेत म्हणून एसएमटीपीचं (खऱ्या ईमेल खात्यातून ते पाठवणारं) एक.

पुस्तकांची यादी सीएमएसमध्ये घालू नका. एकाच लेखकाची तीन प्रकारे लिहिलेली नावं, प्रतींची संख्या, देवघेव हे सगळं सांभाळायला कोहा किंवा एनआयसी या सरकारी संस्थेचं ई-ग्रंथालय ही ग्रंथालयाची सॉफ्टवेअरं आहेत. साइटवर त्याच्या शोधपानाचा फक्त दुवा द्या.

अक्षरजुळारी

वरचं सगळं पटलं. पण मराठीत वर्डप्रेस वापरताना एक खड्डा आहे, तो आधीच दाखवतो.

सूचनेच्या शीर्षकावरून वर्डप्रेस दुव्याचा शेवटचा भाग म्हणजे स्लग बनवतं. डेटाबेसमध्ये त्याला २०० जागा आहेत. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (संगणकात अक्षरं साठवायच्या पद्धतीत) तीन बाइटचं, आणि दुव्यात प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह अधिक दोन अक्षरं असा लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला ९ जागा. काना, वेलांटी, हलन्त सगळी वेगवेगळी चिन्हं. २०० त जेमतेम २२ बसतात.

'वार्षिक सर्वसाधारण सभा २०२५' घ्या. पहिल्या तीन शब्दांत ७, १० आणि ३ अशी २० चिन्हं, त्यांच्या १८० जागा. शब्दांमधल्या मोकळ्या जागी येणाऱ्या दोन आडव्या रेघा धरून १८२. तिसरी रेघ आणि '२' मिळून १९२. पुढच्या शून्याला ९ जागा हव्यात, उरल्यात ८. दुवा 'वार्षिक-सर्वसाधारण-सभा-२' इथेच तुटतो. पुढच्या वर्षी २०२६ ची सूचनाही तिथेच तुटते, आणि दोन्ही एक होऊ नयेत म्हणून वर्डप्रेस तिच्या शेपटाला इंग्रजी दोनचा आकडा जोडतं. कुठली कुठल्या वर्षाची हे दुव्यावरून कळत नाही. शिवाय व्हॉट्सॲपवर पेस्ट केला की दुवा टक्क्यांच्या जंजाळासारखा दिसतो आणि लोक दाबायला कचरतात.

उपाय सोपा आहे. पर्मालिंकच्या (दुव्याच्या रचनेच्या) सेटिंगमध्ये 'पोस्टचं नाव' निवडा आणि प्रकाशित करण्याआधी स्लग रोमन अक्षरांत हाताने लिहा: 'सभा' आणि वर्ष, बस. नंतर बदलायचा झालाच तर सूचनेचा जुना दुवा आपोआप नव्याकडे वळतो, पण 'पेज' या प्रकाराचा वळत नाही. म्हणून वर्गणी, पत्ता या पानांचे स्लग सुरुवातीलाच पक्के करा.

शोधाचंही तसंच. वर्डप्रेस अक्षरांची तीच सलग माळ शोधतं, विभक्ती त्याला कळत नाही. 'सभा' शोधलं की 'सभासद' सापडतो, 'सभेची' सापडत नाही. म्हणून शीर्षकात मूळ रूप ठेवा: 'सभेची सूचना' ऐवजी 'वार्षिक सभा: सूचना'.

श्रीलिपीतला मजकूर तसाच डकवला तर रोमन अक्षरांचा कचरा दिसेल, कारण तो फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार दाखवतो. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा आणि मग डोळ्यांखालून घाला. ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि 'दऱ्या', 'सुऱ्या' यांतला अर्धा ऱ इथे हमखास चूक होते, कारण जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराआधी आणि रफार अक्षरानंतर टाइप होत असे. वर्डमधून आणताना कंट्रोल-शिफ्ट-व्हीने नुसता मजकूर डकवा, नाहीतर वर्डचं सगळं नटवेपण सोबत येतं. फॉन्ट नोटो सान्स देवनागरी ठेवा, जाडीचे दोनच प्रकार घ्या. साइटची भाषा मराठी असेल तर ल आणि श मराठी वळणाचे दिसतात, हिंदी वळणाचे नाहीत. वाचनालयाच्या साइटवर एवढी काळजी घ्यायलाच हवी.

मेन्यूवाला

जूमलाची बाजू मांडतो. दुसरी भाषा त्याच्या गाभ्यातच आहे, पॉलीलँग लागत नाही, आणि कुणाला काय दिसावं, काय बदलता यावं हे फार बारकाईने ठरवता येतं. तरी तुम्हाला सुचवणार नाही. तिथे लेख, श्रेणी, मेन्यू आयटम आणि मॉड्यूल अशा चार कल्पना डोक्यात ठेवाव्या लागतात. लेख लिहिला पण त्या श्रेणीला मेन्यूत जागाच दिलेली नसेल तर तो वाचकाला सापडत नाही, आणि लिपिक शोधत बसतो की गेला कुठे.

खर्च शून्यच करायचा असेल तर गूगलचं ब्लॉगर आहे. आपलं डोमेन जोडता येतं आणि पुढे सगळ्या नोंदी वर्डप्रेसमध्ये आणता येतात. पीडीएफ मात्र त्यात ठेवता येत नाही, ती ड्राइव्हवर ठेवून दुवा द्यावा लागतो.

ग्रंथसेवक

मनापासून आभार. वर्डप्रेस चाचणीपुरतं बसवलं. लिपिकाला 'कंट्रिब्युटर' केलं तर फोटो चढवायची सोयच दिसत नाही. आणि अहवालाची ११ एमबीची पीडीएफ घेत नाही. होस्टिंगवाल्याने मर्यादा ३२ एमबी केली म्हणून सांगितलं, तरी नाही.

सर्व्हरकाका

कंट्रिब्युटरला फाइल चढवायचा अधिकारच नसतो. लिपिकाला 'ऑथर' करा: स्वतःच्या सूचना लिहिणं, फोटो लावणं, प्रकाशित करणं एवढंच त्याला जमेल, दुसऱ्याच्या नोंदीला किंवा पानांना हात लावता येणार नाही. ग्रंथपालांना 'एडिटर'. ॲडमिनिस्ट्रेटरचं खातं वेगळं ठेवा, फक्त अपडेट करताना त्यातून आत जा.

पीडीएफचं: पीएचपीत दोन मर्यादा असतात. एका फाइलची मुळात २ एमबी, आणि एका वेळी पाठवलेल्या सगळ्या माहितीची ८ एमबी. तुमची पहिलीच वाढवलेली दिसते, ११ एमबी दुसरीला धडकतेय. सीपॅनेलमध्ये (होस्टिंगच्या नियंत्रणपानावर) पीएचपीच्या आयएनआय एडिटरमध्ये दुसरी ४० करा. ती पहिलीपेक्षा नेहमी मोठी हवी. पण त्याआधी अहवाल १५० डीपीआयला, करड्या रंगात पुन्हा स्कॅन करून बघा, फाइल बरीच लहान होईल आणि मोबाइलवर उघडणाऱ्या सभासदाचा डेटा वाचेल. महत्त्वाचे ठराव पानावर मजकूर म्हणूनही टाका, स्कॅन केलेल्या चित्रातले शब्द शोधात येत नाहीत.

फोटो चढवण्याआधी १६०० पिक्सेल रुंदीचे करून घ्या. वर्डप्रेस २५६० पिक्सेलहून मोठ्या फोटोची लहान प्रत बनवून तीच दाखवतं, पण मूळ फाइलही सर्व्हरवर ठेवून देतं. शिवाय प्रत्येक फोटोचे आणखी पाच-सहा आकार तयार होतात. व्याख्यानमालेचे ८० फोटो मोबाइलमधून सरळ चढवले की छोट्या होस्टिंगची जागा वर्षभरात भरते.

अक्षरजुळारी

चाचणी चालूच आहे तर एक करा. बॅकअप घ्या, रिकाम्या सबडोमेनवर (डोमेनच्याच एखाद्या उपपत्त्यावर) नवं वर्डप्रेस बसवा आणि तो बॅकअप तिथे परत आणून बघा. मजकूर, फोटो आणि पीडीएफ तिन्ही उघडतात का ते तपासा. अपड्राफ्टप्लस डेटाबेस, अपलोड, प्लगइन आणि थीम यांच्या वेगवेगळ्या फाइल करतं. डेटाबेसची प्रत असून अपलोडची नसेल तर सूचना परत येतात आणि फोटोंच्या जागी रिकाम्या चौकटी.