अलमट्टी फोडली की सांगली कोरडी राहणार? (चर्चा)

काठावरचा
अलमट्टी म्हणजे आपल्या खाली कृष्णेवरचं कर्नाटकातलं धरण. काल एक पोस्ट सगळ्या ग्रुपांवर फिरत होती : "अलमट्टी फोडा, सांगली-कोल्हापूर आपोआप वाचेल." खाली टाळ्या, मुठी, झेंडे. मी गप्प बसणार होतो. पण ज्याने ती मला तीनदा पाठवली त्याचं घर निळ्या रेषेच्या, म्हणजे पूररेषेच्या आत आहे, आणि ते त्याने 2005 चा पूर डोळ्यांनी बघून झाल्यावर बांधलंय. म्हणून लिहितोच.

कृष्णा महाबळेश्वराला तेराशे मीटरवरून निघते आणि कऱ्हाडला येईपर्यंत साडेपाचशेच्या आसपास उतरते. तिथून सांगलीपर्यंत उतार नावालाच. म्हणून ती इथे वळणं घेते, रेंगाळते, गाळ टाकते. त्या मळीच्या रानावर आपले आजे-पणजे जगले. कऱ्हाडला कोयना, हरिपूरला वारणा, नरसोबाच्या वाडीला पंचगंगा, तिघींचंही पाणी सह्याद्रीतलं. घाटावर पाऊस लागला की सगळ्या एकदमच येणार. ते पाणी पसरायची जी जागा होती तिथे आपण प्लॉट पाडले.

आमच्या जुन्या घराच्या जोत्यावर आजोबांनी पुराच्या खुणेचा खिळा ठोकलाय. तेव्हा अलमट्टीचा पायाही खणला नव्हता. 2019 ला सांगलीच्या आयर्विन पुलाला पाणी 57 फुटांवर गेलं, खिळा बुडाला, हे कबूल. पण पूर अलमट्टीने आणला म्हणणाऱ्यांनी आधी तो खिळा येऊन बघावा.

शिरोळकर
दादा, खिळ्याचं कौतुक ऱ्हाऊ दे. सांगलीत पाणी येतं आणि जातं. आमच्यात येतं आणि बसतं. 2019 ला पाऊस उघडला, ऊन पडलं, तरी आमच्या गल्लीतलं पाणी हलंना. खाली नदी तुंबली नसंल तर ते बसलं कशाला, आमच्या प्रेमापोटी? दोन म्हशी दावं तोडून गेल्या, एक घावली, तीबी फुगलेली. तुम्ही बसा उतार शिकवत.

निवृत्त उपअभियंता
भावना समजतात, पण आकडे आकडे असतात. अलमट्टीची पूर्ण पातळी 519.60 मीटर, सांगली तिथून नदीमार्गे दोनशे किलोमीटरच्या वर. फुगवटा, म्हणजे धरणामुळे मागे तुंबणारं पाणी, इथवर पोचत नाही. पुराचा अभ्यास करायला राज्याने नेमलेल्या वडनेरे समितीने 2020 च्या अहवालात हेच म्हटलं आहे. पुराच्या शिखराला अलमट्टीतून पाच लाख क्युसेकच्या वर विसर्ग चालू होता. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट. पाच लाख क्युसेक दिवसभर म्हणजे 43 टीएमसी. आपलं अख्खं चांदोली धरण 34 टीएमसीचं. दिवसाला एक चांदोली आणि वर थोडं खाली जात होतं. याला तुंबवणं म्हणत नाहीत.

शिरोळकर
साहेब, पाच लाख *कधी* सोडलं ते बोला की. नाकातोंडात पाणी गेल्यावर सोडलं, आठ दिवस आधी का न्हाई? आणि मधला हिप्परगीचा बंधारा सोयीनं विसरलासा. आता 524 मीटरची परवानगी हाय कर्नाटकाच्या खिशात, कृष्णा पाणी लवादाच्या 2010 च्या निवाड्यातली. तवा कुठली समिती आणणार? आणि फुगवटा येत न्हाई तर आपलं सरकार कोर्टात उंचीला विरोध कशाला करतंय, हौसेनं?

पुलांचे भराव तर कुणी बोलतच न्हाई. चार गाळ्यांचा पूल आणि दोन्ही बाजूंनी बंधाऱ्यासारखा रस्ता.

निवृत्त उपअभियंता
भरावाचा मुद्दा मान्य. नोकरीत असताना मी स्वतः तो टिपणीत दोनदा लिहिला होता. टिपणी कुणी वाचली ते विचारू नका. विसर्ग आधी सुरू व्हायला हवा होता, हेही एक वेळ मान्य. पण "फोडा" म्हणजे काय? धरण आहे, मडकं नव्हे.

माणदेशी माणूस
तुमचं भांडण वाचून हसू येतं. एक म्हणतो पाणी लवकर गेलं पाहिजे, दुसरा म्हणतो गेलं. महाबळेश्वरला पाच-सहा हजार मिलिमीटर पडतो, आटपाडीत पाचशेला मारामार. माझं लग्न ठरताना सासऱ्याने पहिला प्रश्न विचारला, टँकर किती दिवसांनी येतो. आणि तिकडं कोयनेचं साडेसदुसष्ट टीएमसी पाणी दरवर्षी बोगद्यातून पश्चिमेला सोडून *समुद्रात ओततात*. ते पूर्वेला वळवा. पूरही कमी, दुष्काळही कमी. एवढं साधं कुणाला दिसत नाही?

वाशिष्ठीकाठ
समुद्रात ओततात? अहो, मध्ये आम्ही राहतो! पोफळी, कोळकेवाडी, चिपळूण ही नावं ऐकली आहेत का? ते अवजल, वीज करून उरलेलं पाणी, वाशिष्ठीला येतं म्हणून आमची नदी मे महिन्यात वाहते. आम्ही ते पितो. कारखाने त्यावर चालतात, वाईट कारखानेही चालतात, तो वेगळा विषय. "कोकणात एवढा पाऊस, तुम्हाला कशाला पाणी" हे वाक्य पुन्हा कुणी बोललं तर त्याला एप्रिलमध्ये आमच्या वरच्या वाड्यांवर हंडा घेऊन उभा करीन. पडतो तेवढा चार महिन्यांत दाभोळच्या खाडीत जातो.

आणि पुराचं म्हणाल तर 22 जुलै 2021 ला माझ्या दुकानात माळ्यापर्यंत पाणी होतं. सांगलीला निदान आयर्विनचे फूट मोजत बसायला वेळ मिळतो, आम्हाला रात्रीत उठवलं. तेव्हा एक माणदेशी आला नव्हता विचारायला.

माणदेशी माणूस
आमच्या दुष्काळात तुम्ही छावणीला वैरण घेऊन आला होता का? हिशेबच करायचा तर करू. पाणी कृष्णेच्या खोऱ्याचं. आम्ही खोऱ्यात, तुम्ही खोऱ्याबाहेर.

वाशिष्ठीकाठ
आणि तुमच्या घरातला पंखा कुठल्या खोऱ्यातला?

निवृत्त उपअभियंता
पंख्याचा प्रश्न थट्टेचा वाटतो, पण मुद्दा तोच आहे. कोयनेचं पाणी पश्चिमेला सुमारे पावणेपाचशे मीटर खाली पडतं. त्या उडीवर 1960 मेगावॅटचा प्रकल्प उभा आहे, आणि संध्याकाळी राज्याची मागणी वाढते तेव्हा तो मिनिटांत चालू करता येतो. तेच पाणी टेंभू उपसा योजनेसारखं पूर्वेला न्यायचं तर टप्प्याटप्प्याने उपसावं लागतं. पडताना वीज देतं, चढताना वीज खातं. साडेसदुसष्टची मर्यादा कृष्णेचं पाणी राज्यांत वाटणाऱ्या बच्छावत लवादाने घातली, ती कोकणच्या प्रेमापोटी नव्हे. पूर्वेला पाणी द्यायला माझा विरोध नाही. पण त्याने *पूर* कमी होईल ही समजूत सोडा. पूर लाखांत क्युसेक घेऊन येतो, उपसा योजनेचे पंप त्याच्यापुढे म्हणजे घागरीने विहीर उपसणं.

माणदेशी माणूस
बरं, घागर तर घागर. ती घागर आली आणि गावाकडं डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या. पुरासाठी नको, तहानेसाठी द्या. हे चालेल का साहेबांना, की याचाही लवाद बसवायचा?

बामणोलीची लेक
एवढा वेळ वाचतेय. पूर्व, पश्चिम, टीएमसी. माझ्या आईचं माहेर शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या तळाशी आहे. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की तिला वाटतं देवळाचा कळस दिसेल, आणि ती दरवर्षी बघायला जाते. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपाच्या पहाटेपासून ती दाराला आतून कडी लावून झोपत नाही. पाणी कुणाचं यावर भांडणारे खूप आहेत. धरणाखाली जमीन कुणाची गेली हे विचारणारा या धाग्यावर अजून एकही नाही.

वाशिष्ठीकाठ
ताई, खरं आहे. यावर बोलायला तोंड नाही.

शिरोळकर
माझी जिमीनबी गेली, फक्त पाण्यावर हाय म्हणून दिसती. उसाला पाटानं पाणी पाजून पाजून रान चिबड झालं. वर मिठागत पांढरं फुटतंय. चार एकरांत गवत येत न्हाई. ह्यात अलमट्टी न्हाई, हे आमचंच. लिवून घ्या, परत म्हणणार न्हाई.

काठावरचा
लिहून घेतलं! स्क्रीनशॉट काढून फ्रेम करतो.

शिरोळकर
फ्रेम खिळ्यालाच अडकव.

मळीवाला
सगळे धरणावर बोलताय, वांग्यावर कुणीच नाही. कृष्णाकाठचं वांगं म्हणून हल्ली जे मिळतं त्याला चव आहे का? नदी मळीवर गाळ टाकायची, त्यात ते यायचं, खत लागायचं नाही. आता वाळू उपसून काठ ढासळले, मळीत ऊस घुसला, आणि वरून एका कारखान्याचं पाणी आलं की मासे पालथे. तुम्हाला पूर नको, मला तो थोडासा हवा आहे. वाडीला पाणी देवळात शिरून दक्षिणदाराने बाहेर पडलं की लोक अंघोळीला गर्दी करतात. त्याच पाण्याला शेजारच्या गावात आपत्ती म्हणायचं.

काठावरचा
वांग्याचं शंभर टक्के मान्य. बाकी "थोडासा पूर" तू कर्नाळ रोडला जाऊन मागून बघ, जिवंत परत आलास तर लिही.

माणदेशी माणूस
त्या जुन्या वांग्याचं बी आहे का कुणाकडं? टेंभूच्या पाण्यावर लावून बघतो. कोकणवाल्यांनाही पाठवीन, पंख्याचे उपकार म्हणून.

मळीवाला
होतं. आजी राखेत घालून मडक्यात ठेवायची. 2019 ला ते मडकं माळ्यावर होतं, आणि पाणी माळ्याच्या वर गेलं.