मदत हवी आहे: मीठ घालूनही भांड्यांचं लिक्विड पातळच

भांडुपकर_ताई:
भांडी घासायचं लिक्विड घट्ट होत नाहीये. मीठ घालून घालून दमले. शनिवारी सोसायटीत स्टॉल आहे, लवकर सांगा.

चाळकरी:
एसएलईएसच्या (सोडियम लॉरेथ सल्फेट, नेहमीचं फेसाचं रसायन) पेस्टचं ना? मीठ एका मर्यादेपर्यंतच घट्ट करतं, पुढे उलट पातळ होतं. मीठ थांबवा.

भांडुपकर_ताई:
एसएलईएस नाहीच! बहिणीच्या हाताला भेगा पडतात, म्हणून मशीद बंदरहून सौम्य असलेलं दुसरं आणलं.

कोकणी_मेवा:
रिठे रात्री भिजत घाला, सकाळी उकळून गाळा. आम्ही बाजारचं आणतच नाही.

चाळकरी:
रिठे कोणी विचारले? ताई, 'दुसरं' म्हणजे काय? कॅनवर नाव असेल.

भांडुपकर_ताई:
सोडियम लॉरोईल सार्कोसिनेट, ३० टक्के. सोबत बीटेन (फेसाला मदत करणारं सौम्य द्रव्य). लिंबाचा सुगंध.

फेसाळ:
हे पहिल्यांदाच लिहायचं हो! तेही एसएलईएससारखं अ‍ॅनायोनिकच (ऋणभाराचं), पण सार्कोसिनेट मिठाला एसएलईएससारखी दाद देत नाही. खेळ पीएचचा, म्हणजे आम्लतेचा आहे. किती आहे?

भांडुपकर_ताई:
घरी पीएच कोण मोजतं?

फेसाळ:
पट्ट्या आणा, स्वस्त असतात. सायट्रिक अ‍ॅसिड पाण्यात विरघळवून थेंब थेंब घाला, हळू ढवळा. बीटेन सोबत असेल तर पीएच साडेपाचच्या आसपास दाटपणा येतो. फार खाली गेलात तर सार्कोसिनेटमधलं आम्ल सुटं होऊन गढूळ होईल. आधी वाटीभरच करून बघा.

चाळकरी:
एवढी कटकट कशाला? झँथन गम (घट्ट करणारी डिंकाची पूड) टाका.

फेसाळ:
बाटलीतून शेंबडासारखी तार निघते. विकायचंय ना त्यांना?

चाळकरी:
माझं विकलं जातं.

पाणी_कपात:
पाणी नळाचं की टँकरचं? भांडुपला एवढं मोठं जलशुद्धीकरण केंद्र, आणि आमच्या गल्लीत टँकर!

त्वचा_जपा:
'सौम्य' म्हणून भेगा भरून येणार नाहीत. बहिणीला हातमोजे द्या, आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

फेसाळ:
बरोबर. सार्कोसिनेट टूथपेस्टमध्येही फेसासाठी वापरतात, पण तो भेगांवरचा उपाय नव्हे.

भांडुपकर_ताई:
वाटीत केलं. दाट झालं! पण पांढरट दिसतंय. बिघडलं का?

फेसाळ:
पट्टी काय म्हणते? आणि जोरात ढवळलंत का? रात्रभर झाकून ठेवा. हवेचे बुडबुडे असतील तर निवळेल. नाही निवळलं तर पीएच खाली गेलाय. बाकीच्या लिक्विडला तोवर हात लावू नका. आणि लिक्विड नासू नये म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह कोणतं घातलंय?

भांडुपकर_ताई:
ते पण लागतं?