‘लक्षवेधी’ की ‘लक्ष्यवेधी’? आणि ‘इनहिबिटर’ला काय म्हणावं?

प्रश्न : सीएमएल या रक्ताच्या कॅन्सरच्या रुग्णांसाठी इमॅटिनिब या औषधाची माहिती मराठीत लिहिते आहे. ‘टार्गेटेड थेरपी’साठी ‘लक्षवेधी उपचार’ चालेल का? आणि ‘कायनेज इनहिबिटर’ला, म्हणजे कायनेज प्रकारच्या प्रथिनाचं काम अडवणाऱ्या औषधाला, नाशक म्हणू, प्रतिबंधक म्हणू की रोधक? गोळी रोज घ्यायची असते, शब्दामुळे गैरसमज व्हायला नको.

उत्तर : ‘लक्षवेधी’ नको. लक्ष म्हणजे अवधान. विधानसभेतली लक्षवेधी सूचना सरकारचं लक्ष वेधते. नेम धरतात ते ‘लक्ष्य’. म्हणून ‘लक्ष्यवेधी’.

दुसऱ्या शब्दासाठी औषध काय करतं ते आधी पाहू. सीएमएलमध्ये 9 आणि 22 क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ जॅनेट राउली यांनी 1973मध्ये हे दाखवलं. त्या चुकीच्या जोडातून बीसीआर-एबीएल हे प्रथिन तयार होतं. मूळचं एबीएल हे कायनेज गरजेपुरतं काम करून थांबतं, बीसीआर-एबीएल थांबतच नाही. एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूकडचा फॉस्फेट काढून दुसऱ्या प्रथिनांना चिकटवत राहतं आणि त्यातून ‘वाढा, विभागा’ हा संदेश पेशीत फिरत राहतो. या प्रथिनात एटीपी जिथं बसतं, त्या खोबणीत इमॅटिनिब जाऊन बसतं. एटीपीला जागा मिळत नाही, संदेश अडतो.

प्रथिन मात्र तिथंच असतं, म्हणून ‘नाशक’ चूक. ‘प्रतिबंधक’ म्हटलं की लस आठवते, आजार होऊच नये म्हणून टोचलेली. मी ‘संदेशरोधक’ लिहीन. रोधक म्हणजे रोखून धरणारा, आणि रोखून धरायचं तर तिथं हजर राहावं लागतं. रोजची गोळी का, हे त्या शब्दातच येतं.

आणखी एक उत्तर : ‘रोधक’ पटला, पण मग त्याच पानावर ‘औषधप्रतिरोध’ लिहू नका, वाचणारा गोंधळेल. त्यासाठी घरातला शब्द आहे : पेशी औषधाला दाद देत नाहीत. बीसीआर-एबीएलमध्ये 315व्या जागी थ्रिओनिन या अमिनो आम्लाऐवजी आयसोल्युसिन आलं, की इमॅटिनिब खोबणीत नीट बसत नाही आणि नेमकं हेच घडतं.

प्रश्नकर्ती : ‘दाद देत नाहीत’ लगेच घेतला! आईला विचारलं, तिलाही न सांगता कळला. ‘खोबण’ सगळीकडे कळेल ना?

उत्तर : कळेल. सुतारकाम पाहिलेल्या कुणालाही खोबण माहीत असते. ‘बंधनस्थान’ लिहिलंत, तर मात्र समजावून सांगावं लागेल.