शिऱ्याच्या द्रोणावरून (सोसायटीचा ग्रुप, घोडबंदर रोड, ठाणे)

रविवार, रात्री ९:१४
बी-४०३: नमस्कार मंडळी. कालची पूजा छान झाली. शिरा ज्यांनी केला त्यांचे आभार, सांगूनच ठेवते, कारण पुढचं वाचून गैरसमज नको. दिवसभर लिहू की नको चाललं होतं.

काल प्रसादाचे दोन चमचे खाऊन द्रोण मी नवऱ्याच्या हातात दिला. तेवढ्यावर सुरू. "देवाच्या प्रसादालाही डाएट?" मग "गाल बघ कसे बसलेत." मग लिफ्टमध्ये, सहाजण उभे असताना, "घरी सगळं ठीक आहे ना?" विचारणाऱ्यांशी माझी ओळख 'ओल्या कचऱ्याची बादली भरली का' इतकीच.

सव्वाच्या मापात रवा, तूप, साखर सगळं सारखंच. गेल्या वर्षी माझं एचबीएवनसी (तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची रक्ततपासणी) ६.३ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, ६.५ झालं की घरात. १४ महिन्यांत ७४ किलोवरून ६३ वर आले आणि आकडा ५.६ झाला. रात्रीचा भात निम्मा, चहाबरोबरची खारी बंद, सकाळी पोडियमवर फेऱ्या. सर्व्हिस रोडवर चालायचं म्हणाल तर हात जोडते.

आणि "हाडं दिसायला लागली" म्हणणाऱ्यांसाठी हिशेब: माझी उंची पाच फूट दोन इंच. ६३ किलोला बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २५ च्या थोडा वर येतो. आपल्याकडचे डॉक्टर भारतीयांसाठी २३ पासूनच जादा वजन धरतात. हाडं अजून बरीच आत आहेत.

रात्री ९:२२
सी-६०४: वहिनी, माझं उलटं आहे. मी काहीही खाताना दिसलो की लोक माझ्या पोटाकडे बघतात. परवा गेटवर वडापाव घेतला तर वॉचमन म्हणाला, "साहेब, डॉक्टरांनी सांगितलंय ना?" डॉक्टरांनी त्याला कधी सांगितलं?

रात्री ९:२४
ए-९०२: पण कोणी काळजीने विचारलं तर त्यात वाईट काय? बारीक झालीस म्हणणं कौतुकच आहे. बाय द वे, वजन उतरवायचं इंजेक्शन घेतलंत का? नाव पाठवा.

रात्री ९:३१
बी-४०३: नाही घेतलं. घेतलं असतं तरी ते चिठ्ठीवरचं औषध आहे, मी नाव पाठवून तुम्ही घ्यायचं नाही. तुमच्या डॉक्टरांना विचारा.

सगळे उपाय करून झालेत माझे. कारण सांगितलं की वाद सुरू होतो. 'साखर' म्हटलं की कोणी कारल्याचा रस सांगतं, कोणी मेथीदाणे, कोणी मेव्हण्याचा किस्सा. एकदा चतुर्थीचा उपास आहे असं खोटंच सांगितलं, तर तासाभरात दारात साबुदाण्याची खिचडी, कूट आणि तुपासकट. आता फक्त "पोट भरलं" म्हणते आणि लगेच विचारते, "तुमच्याकडे पाणी आलं का?" घोडबंदरला पाण्याचा विषय काढला की माझ्या गालांकडे कोणी बघत नाही.

रात्री ९:३३
कमिटी: पाण्यावरून आठवलं. उद्या टँकर दोनच येणार. सकाळी ७ च्या आत भरून घ्या.

रात्री ९:४०
बी-७०१: मी या ग्रुपवर कधी लिहीत नाही. ए-९०२, कौतुकाबद्दल सांगते. तीन वर्षांपूर्वी मी आठ किलो उतरले होते. याच लिफ्टमध्ये सगळ्यांनी "काय छान दिसतेस, सीक्रेट सांग" केलं. मी हसायचे. मग मलाही वाटलं बरंच चाललंय, म्हणून संध्याकाळच्या तापाकडे लक्ष दिलं नाही. टीबी होता. सहा महिने गोळ्या. आता बरी आहे. पण तेव्हा एकानेही खोकल्याबद्दल विचारलं नाही, ड्रेसचं माप मात्र सगळ्यांनी विचारलं.

रात्री ९:४१
सी-६०४: बापरे. आम्हाला पत्ताच नव्हता.

रात्री ९:४६
बी-४०३: ताई, मीही तेव्हा विचारलं होतं तुम्हाला. "सीक्रेट सांग" म्हणणाऱ्यांत मी होते.

ए-९०२, काळजी असेल तर दाराची बेल वाजवा आणि "तब्येत कशी आहे" विचारा. खरं खरं सांगेन. लिफ्टमध्ये माझी सातवीतली मुलगी शेजारी उभी होती. रात्री तिने दुसरी पोळी अर्धी ठेवली आणि विचारलं, "आई, माझे गाल मोठे आहेत का?" तिला वजनाचं काय पडलंय? पण कानावर पडतं. म्हणून लिहायला बसले, नाहीतर गिळलं असतं.

रात्री ९:५८
ए-१०२: प्रसादाचं मीच म्हटलं होतं. नाव घेतलं नाहीस तरी समजलं. वाईट वाटून घेऊ नकोस. आमच्याकडे पाहुणा पहिल्यांदा नको म्हणायचा ते रीत म्हणून, दुसऱ्यांदा लाजेने. तिसऱ्यांदा वाढलं की पोटभर जेवायचा. पहिल्याच नकोला भांडं मागे नेलं तर सासूबाई म्हणायच्या, माणसाला उपाशी उठवलंस. पन्नास वर्षं तेच केलंय, खरं नको कुठलं आणि रीतीचं कुठलं ते आता ऐकूच येत नाही. देवाचं नाव मात्र उगाच मधे आणलं, ते चुकलं.

रात्री १०:०३
बी-४०३: काकू, तुमच्यावर राग नाहीच. लिफ्टमधल्यांवर आहे थोडा. आणि प्रसाद मी घेतला होता हो, दोन चमचे.

रात्री १०:०५
ए-१०२: पंगतीत ताटावर आडवा हात धरला की वाढपी मुकाट पुढे जायचा. तू आडवा हात धरत जा. तेवढं मला अजून दिसतं.

रात्री १०:०६
बी-४०३: ठरलं.

रात्री १०:०७
ए-१०२: उद्या आंबोळ्या आहेत. मुलीला आवडतात. चार पाठवू?

रात्री १०:०७
बी-४०३: तिला दोन. मला एक.

रात्री १०:०८
ए-१०२: बरं. तीन. मागच्या वेळचा डबा पाठव आधी.