साल्टन सीचे 'भुताचं गाव' फोटो: आता पुरे

खारवट: परवा कॅलिफोर्नियातल्या साल्टन सी तळ्याकाठच्या बॉम्बे बीच गावाच्या फोटोंची पोस्ट पडली, खाली ओळ 'माणसं गेली, शांतता उरली'. अहो कुठे गेली माणसं? २०२० च्या जनगणनेत २३१ लोक होते तिथे. तुमच्याच एका फोटोत फुटक्या ट्रेलरच्या शेजारी कपडे वाळत घातलेत! माझे एक परिचित तिथे राहतात, लोक त्यांच्या अंगणात घुसून विचारतात, 'इथे अजून कोणी राहतं का?'

शटरबाबा: पोस्ट माझी. फोटो काढणं गुन्हा आहे का? त्याच तळ्याकाठच्या नॉर्थ शोअर गावचा यॉट क्लब, आर्किटेक्ट अल्बर्ट फ्रेने बांधलेला, १९५९ चा, पडीक झाला होता. लोकांनी फोटो काढले, बोंब झाली, म्हणून वाचला.

खारवट: काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने, दुरुस्त करून २०१० मध्ये कम्युनिटी सेंटर केलं म्हणून वाचला. तुमच्या लेन्सने वीट लावली नाही.

राॅ_फाईल: मुळात ते आकाश एवढं जांभळं का? गंज पण केशरी केलाय. एडिटिंग कमी करा हो.

पाटकरी: फोटोवरून भांडताय, पाण्याचं कोण बोलणार? २००३ च्या करारात तळ्याशेजारच्या इम्पीरियल व्हॅलीतलं शेतीचं पाणी सॅन दिएगो शहराकडे वळवायचं ठरलं, तळ्याला भरपाईचं पाणी मिळायचं तेही २०१७ अखेर बंद. किनारा मागे सरकला, तळाची धूळ उडते, पोरांना दमा. मी लहानपणापासून धाप लागणारा माणूस, मला विचारा धूळ काय असते ते.

नळकोंडाळं: म्हणजे शहरांनी पाणी पिऊच नये? आणि ते तळं काय निसर्गाने दिलंय? १९०५ मध्ये कालव्याचा बांध फुटला, कोलोरॅडो नदी दोन वर्षं त्या खड्ड्यात ओतत होती. अपघाताने आलेलं पाणी आटणारच.

पाटकरी: त्याच खड्ड्यात आधी लेक काहुइया नावाचं जुनं तळं होतं, कितीदा भरलं न् आटलं, अभ्यास वाढवा. आणि हे तळं इतकी वर्षं शेतातून निथळणाऱ्या पाण्यावर टिकलं, पाणी विकायला शेतं पडीक ठेवली की निथळ कुठून येणार?

नळकोंडाळं: हो हो, आणि त्याच निथळीतून खत, मीठ सगळं आलं. आता खारटपणा समुद्राच्या दुप्पट, १९९९ मध्ये लाखो तिलापिया मासे मेले. शेतकरी फार पुण्यवान!

पाटकरी: त्याच शेतांतला अल्फाल्फा, म्हणजे लसूणघास, खाणाऱ्या गायींचं दूध तुमच्याच फ्रिजमध्ये ना?

शटरबाबा: माझे फोटो राहिले बाजूला. बरं खारवट, 'माणसं गेली' ओळ काढतो, खूश? पण पडक्या घरांचे फोटो राहणार. १९७६-७७ च्या वादळांत पाणी घुसलं त्याची खूण आहे ती.

खारवट: मग तेच लिहा ना खाली, वादळ, साल, पाणी. कविता कशाला? आणि कपडे वाळत असलेला फोटो आधी उडवा, ते त्यांचं घर आहे.

राॅ_फाईल: जांभळं आकाश तेवढं राहू दे, आता सवय झाली.