‘अँग्झायटी’ला मराठीत काय म्हणायचं?

विरारकर: नोकरी बदलली, त्याच सुमारास गिरगावातली चाळ सोडून विरारला आलो. पुढच्या आठवड्यापासून ऑनलाइन थेरपिस्टशी बोलणं सुरू होतंय. त्या मराठीच आहेत. आधी एक फॉर्म भरायचाय, त्यात स्ट्रेस, अँग्झायटी, लाइफ ट्रान्झिशन असे रकाने आहेत. कोशात अँग्झायटी म्हणजे चिंता. पण मला रात्री अचानक जाग येते, छाती धडधडते, आणि डोक्यात कसलाही विचार नसतो. याला चिंता म्हणवत नाही. दुसरा शब्द आहे का?

दादरकर: तुम्हाला म्हणवत नाही ते बरोबरच आहे, कारण चिंता कशाची तरी असते. कर्जाची, मुलीच्या लग्नाची. शिवाय या शब्दांची क्रियापदं पाहा. चिंता आपण ‘करतो’, टेन्शन आपण ‘घेतो’. म्हणून समोरचा लगेच म्हणतो, ‘करू नकोस’, ‘घेऊ नकोस’. जणू सगळं आपल्याच हातात आहे! घालमेल मात्र ‘होते’, घोर ‘लागतो’, धडकी ‘भरते’. ‘घालमेल करू नकोस’ असं कोणी म्हणत नाही. तुमच्यावर जे ओढवलंय त्याला ही ‘होणारी’ क्रियापदंच शोभतात.

छटाही वेगवेगळ्या आहेत. धास्ती पुढे येणाऱ्या गोष्टीची, धसका होऊन गेलेल्या गोष्टीचा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यातून घर गाठलेली माणसं मला माहीत आहेत, आभाळ भरून आलं की ती अजूनही ऑफिसातून लवकर निघतात. तो धसका. धाकधूक निकाल लागला की संपते. हुरहूर मात्र मागे राहिलेल्या माणसांची, जागेची. चाळ सुटल्यावर तीही असेल तुम्हाला, तेव्हा धडधडीबरोबर तीही सांगा. तुमच्या थेरपिस्टना त्यातून दोन वेगळ्या वाटा दिसतील.

विरारकर: हुरहूर आहे खरी. आणि लाइफ ट्रान्झिशन? स्थित्यंतर लिहू?

दादरकर: स्थित्यंतर अग्रलेखात शोभतं. आपण म्हणतो, ‘घडी विस्कटली’, ‘अजून घडी बसली नाही’. तेच लिहा. स्ट्रेसला ताण उत्तम आहे, त्यात शोधाशोध नको.

ठाणेकर ताई: मी या क्षेत्रात काम करते, म्हणून दोन शब्द. मराठीत सगळ्यांनाच सरसकट मानसोपचारतज्ज्ञ म्हटलं जातं, त्याने लोकांची फसगत होते. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारांचं पुढचं शिक्षण घेतलेला डॉक्टर, तो औषधं देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असते, ती १९९२ च्या कायद्याखालची संस्था. समुपदेशक बोलण्यातून मदत करतात, औषध लिहून देत नाहीत. ‘थेरपिस्ट’ या शब्दातून यातलं काहीच कळत नाही, तेव्हा पहिल्याच भेटीत शिक्षण आणि नोंदणी विचारून घ्या. यात कसलाही उद्धटपणा नाही. समुपदेशनात ‘उपदेश’ दडलेला आहे, त्यामुळे काही जण ‘आता काय करू ते सांगा’ म्हणत बसतात. चांगला समुपदेशक आधी ऐकतो, विचारतो, आणि ठरवणं तुमच्यावर सोडतो.

आणि रात्रीच्या धडधडीसाठी एकदा फॅमिली डॉक्टरांनाही दाखवा. थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करू लागली तरी असं होतं.

विरारकर: ताई, घर लहान आहे. बायको, आई, मुलगा सगळे घरातच. आईसमोर हे सगळं बोलायला जीभ रेटत नाही.

ठाणेकर ताई: बऱ्याच जणांची हीच अडचण असते. हेडफोन लावा, म्हणजे निदान पलीकडचं कोणाला ऐकू जाणार नाही. इमारतीची गच्ची, सोसायटीचं रिकामं ऑफिस, कोणी पार्क केलेल्या गाडीतूनही बोलतं. अगदीच जमलं नाही तर अवघड शब्द चॅटमध्ये टाइप करा. तुमची माहिती गुप्त राखली जाण्याचा हक्क मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने दिलेला आहे. ती कुठे साठवतात, हे बिनधास्त विचारा. मधल्या काळात रात्री फारच असह्य झालं तर १४४१६ लावा. ती सरकारची टेलि-मानस सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, आणि मराठीतून बोलता येतं.

परळकर: पॅनिक अटॅकला काय म्हणाल? माझी आई ‘जीव घाबरा होतो’ म्हणायची.

ठाणेकर ताई: तुमच्या आईंचा शब्द अगदी नेमका आहे. पोटात गोळा येतो, हातापायातलं बळ जातं, काळजात धस्स होतं, हेही सांगा. व्हिडिओवर आम्हाला माणूस खांद्यापर्यंतच दिसतो. टेबलाखाली पाय हलतोय, मुठी आवळल्यात, हे दिसत नाही. समोर बसलेलं असताना जे नजरेला कळतं, ते ऑनलाइन असताना तुमच्या शब्दांतूनच आमच्यापर्यंत येतं. म्हणून कुठे होतं, कधी होतं, किती वेळ टिकतं, एवढं आपल्या रोजच्या बोलीत सांगितलंत की पुरे. आजाराचं नाव काय, ते बघायला आम्ही आहोत.